दवाखाना नेमका कुणासाठी बांधलाय?

फेब्रुवारी २०२५ मध्ये मेळघाटातल्या सिमोरी गावाची बातमी सगळ्या वाहिन्यांवर होती. बावीस दिवसांच्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने चटके दिले होते. आकडा ६५ असा छापून आला. बाळाला श्वास घ्यायला त्रास होत होता, म्हणून घरच्यांनी केलेला हा उपाय. मेळघाटात याला डम्मा म्हणतात आणि तो काही त्या दिवशी सुरू झालेला नाही. गुन्हा दाखल झाला, दोन दिवस संताप झाला आणि "आजही लोक इतके अडाणी कसे?" या ठरलेल्या वाक्यावर चर्चा मिटली.

संताप योग्यच आहे. तान्ह्या जिवाला चटके देणं थांबलंच पाहिजे. पण बाळाला धाप लागली त्या क्षणी त्या घरासमोर दुसरी कुठली वाट होती? ओळखीची, विश्वासाची, आपल्या बोलीत बोलणारी आणि रात्री-अपरात्रीही उघडी असलेली? हा प्रश्न बातम्यांमध्ये फारसा कुणी विचारत नाही. सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासात मात्र तो गेली तीसेक वर्षं गांभीर्याने विचारला जातोय आणि त्याची काही उत्तरंही हाती आहेत. त्यातली काही फार मोलाची उत्तरं आपल्याच गडचिरोलीतून आली आहेत.

या विषयाचं जडजंबाळ नाव आहे 'सांस्कृतिकदृष्ट्या अनुरूप आरोग्य उपक्रम'. अर्थ सोपा आहे. औषध, लस, शस्त्रक्रिया यांचं शास्त्र तेच ठेवायचं. ती सेवा कोण देणार, कुठे, किती वाजता, कोणत्या भाषेत आणि कुणाला विचारून, हे मात्र त्या समाजाच्या जगण्याप्रमाणे ठरवायचं. पुढे मी याला नुसतं 'जुळणारी सेवा' म्हणतो.

## अडतं कुठे?

समजा, एसटी रोज वेळेवर धावते. पण थांबा गावापासून सहा किलोमीटरवर, पाटी तुम्हाला न येणाऱ्या भाषेत आणि चढताच कंडक्टर खेकसतो. आठवडाभराने तुम्ही पायी जाणं पसंत कराल. वर्षअखेर डेपोत नोंद होईल: या मार्गावर प्रवासी नाहीत, फेरी बंद करावी. आदिवासी भागातल्या पुष्कळ आरोग्य केंद्रांच्या बाबतीत हेच झालंय. सेवा वापरली गेली नाही की दोष प्रवाशाच्या नावावर लागतो.

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १०.४ कोटी आदिवासी होते, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के. महाराष्ट्रात त्यांची संख्या एक कोटीच्या वर आहे. पण 'आदिवासी' हा एकच समाज नाही. मेळघाटातले कोरकू जी भाषा बोलतात तिचं मराठीशी नातं नाही. ती मुंडा कुळातली, संथाळीच्या गोतावळ्यातली. भामरागडचे माडिया, रायगडचे कातकरी, यवतमाळचे कोलाम यांचे देव, बोली, जेवणखाण आणि कामाचे हंगाम सगळे निरनिराळे. आणि पोषणाचं पोस्टर? ते बहुतेक वेळा छापील मराठीत असतं, चित्रातली बाई नऊवारीत आणि तिच्या ताटात त्या गावात न पिकणारी भाजी.

## पोस्टर बदलणं सोपं, पद्धत बदलणं अवघड

अमेरिकेतले संशोधक केन रेस्निकाऊ यांनी १९९९ मध्ये या कामाचे दोन थर सांगितले. पहिला वरवरचा: भाषा, चित्रं, गाणी, ओळखीचे चेहरे. त्याने माणूस निदान ऐकून घेतो. दुसरा खोलवरचा: त्या समाजाला आजार कशामुळे होतो असं वाटतं, निर्णय कोण घेतं, भीती कशाची आहे, लाज कशाची आहे, विश्वास कुणावर आहे. माणूस प्रत्यक्षात काय करेल हे या दुसऱ्या थरात ठरतं. सरकारी योजनांची गाडी बहुतेकदा पहिल्याच थरावर थांबते, कारण पोस्टरचं टेंडर काढता येतं, विश्वासाचं काढता येत नाही.

एका प्रयोगातून हा फरक फार स्वच्छ दिसतो. तो लॉस एंजेलिसमध्ये झाला, डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांच्या पुढाकाराने, आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या कृष्णवर्णीय पुरुषांमध्ये उच्च रक्तदाबाचं प्रमाण मोठं, पण डॉक्टरकडे जाणं कमी. वैद्यकीय व्यवस्थेने त्यांच्या समाजाला पिढ्यान् पिढ्या दिलेली वागणूक पाहता ते नवल नाही. मात्र ठरलेल्या न्हाव्याकडे ते वर्षानुवर्षं जातात, तिथे मोकळेपणी बोलतात. म्हणून ५२ केशकर्तनालयांतले ३१९ गिऱ्हाईक निवडले. अर्ध्या दुकानांत न्हाव्याने सांगायचं, "तुझा दाब वाढलाय, डॉक्टरला दाखव." उरलेल्या दुकानांत प्रशिक्षित फार्मासिस्ट स्वतः यायचा आणि डॉक्टरांशी ठरलेल्या पद्धतीने तिथेच औषध सुरू करायचा, डोस बदलायचा.

सहा महिन्यांनी पहिल्या गटात वरचा दाब सरासरी ९ अंकांनी उतरला, दुसऱ्या गटात २७ अंकांनी.

या अभ्यासाबद्दल लिहिताना लोक 'न्हाव्याची जादू' म्हणून मोकळे होतात आणि मुख्य मुद्दा निसटतो. न्हावी दोन्ही गटांत होता. आपुलकी दोन्हीकडे होती. आपुलकीच्या जागेत खरा उपचार पोचला तेव्हा मोठा फरक पडला. नुसता ओळखीचा चेहरा पुरत नाही आणि नुसतं औषधही पुरत नाही.

## गडचिरोलीत आधी विचारलं, मग बांधलं

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. आदिवासींसाठी दवाखाना उभारायची वेळ आली तेव्हा आधी गावांत जाऊन विचारलं, की तुम्ही सरकारी रुग्णालयात का जात नाही? उत्तरं कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाहीत अशी होती. इमारत एवढी मोठी की आत हरवायला होतं. डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात, आणि पांढरं कापड आम्ही मयताला गुंडाळतो. रुग्णाला एकट्याला खाटेवर ठेवतात, नातेवाइकांना बाहेर काढतात. मग त्याच्याजवळ बसणार कोण? आणि दवाखान्यात देव नाही. देवावाचून माणूस बरा कसा होईल?

यातली एकही अडचण वैद्यकशास्त्राची नाही. पांढरा कोट घातल्याने जंतू मरत नाहीत. भेटीची वेळ संध्याकाळी ठेवण्यामागे मुख्यतः कर्मचाऱ्यांची सोय असते. म्हणजे आपण ज्याला 'शास्त्रीय दवाखाना' म्हणतो त्यातलं बरंच काही शहरी, मध्यमवर्गीय रिवाज असतो. तो आपला असल्यामुळे आपल्याला दिसत नाही, इतकंच.

मग धानोरा तालुक्यात शोधग्रामला, म्हणजे 'सर्च'च्या आवारात, दवाखाना उभा राहिला तो आदिवासी पाड्यासारखा: लहान लहान घरं, नातेवाईक रुग्णासोबत राहतील अशी सोय, आणि नाव माँ दंतेश्वरीचं, या भागातल्या आदिवासींच्या देवीचं. आत मात्र प्रयोगशाळा, शस्त्रक्रियागृह, औषधं सगळं आधुनिक. शास्त्रात तडजोड झाली नाही, बाकी सगळं बदललं.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. तिथे गावोगावचे प्रतिनिधी जमून आदिवासी आरोग्य संसद भरते आणि कोणत्या आजारावर आधी काम करायचं हे लोक स्वतः ठरवतात. त्यातून मलेरिया पुढे आला. कंबरदुखीही पुढे आली. कंबरदुखीने कुणी मरत नाही, म्हणून सरकारी आकडेवारीत ती कुठेच नसते. पण दिवसभर वाकून रोवणी करणाऱ्या आणि डोक्यावरून मोळ्या वाहणाऱ्या बाईला विचारा, की तुझं आयुष्य कशाने अडलंय. ज्या दुखण्याची तिला काळजी आहे त्यावर इलाज मिळाला, तर उद्या तुम्ही सांगाल त्या लसीवरही ती विचार करेल.

## दहापर्यंत मोजणारी दाई

आता धाप लागलेल्या बाळाकडे वळू. लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायला क्ष-किरण लागतातच असं नाही. मिनिटाला श्वास किती, यावरून बरंच कळतं: दोन महिन्यांखालच्या बाळाचे साठ किंवा जास्त, त्यापुढे वर्षाच्या आतल्या बाळाचे पन्नास किंवा जास्त असतील तर धोका. नियम सोपा आहे. पण गावात बाळंतपणं करणारी दाई निरक्षर, दहा-बारापर्यंतच मोजू शकणारी, आणि घड्याळ कुणाकडेच नाही. इथे नेहमीचा निष्कर्ष निघाला असता: दाईंना हे जमणार नाही, नर्स नेमा. आणि नर्सची जागा रिकामी राहिली असती.

गडचिरोलीत त्याऐवजी एक साधं उपकरण बनवलं. लाकडी चौकटीत मिनिटभराची वाळूची घडी आणि मण्यांच्या दोन दांड्या, एक अगदी तान्ह्या बाळासाठी, दुसरी त्याहून मोठ्यासाठी. घडी उलटी करायची, बाळाच्या पोटाकडे बघत दहापर्यंत मोजायचं, एक मणी सरकवायचा, पुन्हा एकपासून. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवावा लागला तर न्यूमोनिया समजायचा आणि औषध सुरू करायचं. दाईला येत होतं तेवढ्या गणितात निदान बसवलं. या कामाचे निष्कर्ष १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले: ज्या गावांत दाया आणि गावातले आरोग्य कार्यकर्ते न्यूमोनियावर उपचार करत होते, तिथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू इतर गावांच्या निम्म्याहून कमी होते.

मग पाळी नवजात बाळांची. १९९५ मध्ये काम सुरू झालं ते उपचाराने नव्हे, निरीक्षणाने. वर्षभर गावातल्याच प्रशिक्षित बायका घरोघरी जाऊन नोंदी ठेवत होत्या. तेव्हा जवळजवळ सगळी बाळंतपणं घरीच होत. ७६३ बाळांच्या नोंदीतून दिसलं की निम्म्याहून जास्त बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती आणि ती मिळाली अडीच टक्क्यांच्या आसपास बाळांना. पोट मोठं झालं तर बाळंतपण अवघड जाईल या भीतीने गरोदर बाया कमी जेवत. बाळ जन्मल्यावर अंगावर पाजायला दोन-तीन दिवस उशीर होई. बाळ-बाळंतिणीला धुराने भरलेल्या अंधाऱ्या खोलीत ठेवत.

हे कळल्यावर भाषणं देऊन भागणार नव्हतं. 'आरोग्यदूत' म्हणून निवडलेली बाई त्याच गावातली असे. ती गरोदरपणापासून घरी जाई, त्यामुळे बाळ जन्मतं तेव्हा ती परकी नसे. तिला बाळाचं वजन करणं, ऊब देणं, श्वास अडला तर तो सुरू करणं आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर घरच्यांच्या संमतीने इंजेक्शन देणंही शिकवलं. सातवी-आठवी शिकलेल्या बाईच्या हाती तान्ह्या बाळाची सुई द्यायची, याला तेव्हा डॉक्टरांमधूनच मोठा विरोध होता. ३९ गावांत हे झालं, शेजारच्या ४७ गावांत नेहमीची सरकारी सेवा चालू राहिली. १९९७-९८ पर्यंत या ३९ गावांत हजारी नवजात मृत्यू ६२ वरून २५.५ वर आले. शेजारी ते ५९.६ होते. जंतुसंसर्ग झालेल्या शंभर बाळांपैकी आधी सोळा-सतरा दगावत, उपचार सुरू झाल्यावर तीनाहून कमी.

ही गावं सगळी आदिवासी नव्हती, मिश्र वस्तीची होती. त्यामुळे हे 'आदिवासींसाठीचं खास' काम नव्हतं. जिथे व्यवस्था पोचत नाही तिथे ती कशी आखावी, याचं ते काम होतं.

## "म्हणजे अंधश्रद्धेला मोकळं रान?"

हा आक्षेप सर्वात आधी येतो आणि तो गंभीर आहे. जुळणारी सेवा म्हणजे प्रत्येक प्रथेला मान तुकवणं नव्हे. प्रथा तीन प्रकारच्या असतात. काही उपयोगी, जसं बाळंतिणीला घरच्या बायकांचा आधार. काही निरुपद्रवी, जसं दवाखान्यात देवीचा फोटो किंवा मनगटाचा गंडा. त्यांच्याशी भांडण्यात वेळ घालवू नये. आणि काही घातक, जसा डम्मा. तिथे ठाम नकारच हवा.

पण नकार परिणामकारक कसा होतो? मेळघाटात घरोघरी पहिली हाक भूमकाला जाते, म्हणजे कोरकूंच्या पारंपरिक वैद्य-पुजाऱ्याला. त्याला फक्त शत्रू ठरवलं तर रुग्ण त्याच्याकडे लपून जातात आणि दवाखान्यात आणखी उशिरा येतात. म्हणून तिथे भूमकांना बैठकांना बोलावणं, धोक्याची लक्षणं शिकवणं, दवाखान्यात रुग्ण पाठवल्याबद्दल मानधन देणं असे प्रयत्न झाले. पूजा करा, पण पाठवा. मला हा मार्ग पटतो, कारण यात बाळ लवकर पोचतं. तरीही भूमकाने चटके दिले तर कायदा चालवलाच पाहिजे. हातमिळवणी आणि शिक्षा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात.

खरी पेचाची जागा कुरमाघराची आहे. गडचिरोलीतल्या गोंड-माडिया गावांत पाळीच्या दिवसांत बायकांना गावकुसाजवळच्या झोपडीत राहावं लागतं. मोडकं छप्पर, दार नाही, साप-विंचवाची भीती. २०२१ च्या सुमारास मुंबईच्या एका संस्थेने तिथे पक्की, संडास-न्हाणी आणि खाटा असलेली कुरमाघरं बांधायला घेतली. काहींनी विचारलं, की प्रथा मोडायची सोडून तुम्ही तिला सिमेंट लावता? प्रश्न चुकीचा नाही. पण त्या रात्री पावसात भिजणाऱ्या मुलीला 'पंधरा वर्षांनी प्रथा जाईल, थांब' असं सांगणंही बरोबर नाही. माझं मत असं की आज छप्पर द्यावं आणि प्रथा सोडायची चर्चा त्याच मुलींच्या तोंडून सुरू व्हावी, बाहेरच्याच्या नव्हे. याहून साफ उत्तर मला दिसत नाही.

आणि प्रथेच्या विरोधात उभं राहणंही समाजाच्या आतून होतं, हे विसरू नये. मोहाची दारू आदिवासी पूजेत लागते. तरी गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी आली ती लोकांनी, त्यातही बायांनी, वर्षानुवर्षं लावून धरल्यामुळे.

## "खरं कारण गरिबी आणि रस्ते. संस्कृती कशाला मध्ये आणता?"

या आक्षेपाशी मी बराचसा सहमत आहे. 'त्यांची संस्कृतीच तशी' हे वाक्य अनेकदा रिकाम्या जागा झाकायला वापरलं जातं. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. त्या दिवशी दवाखान्यात न आलेल्या बाईच्या श्रद्धा तपासण्यात अर्थ नाही.

बंग यांचाच १९८९ चा अभ्यास बघा. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्क्यांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता आणि त्याआधी तपासणी झाली होती फक्त ८ टक्क्यांची. आधी सगळे म्हणत, खेड्यातल्या बाया अंगावर काढतात, तपासू देत नाहीत. विश्वासाची स्त्री डॉक्टर आल्यावर त्या तपासून घ्यायला आल्या. लाज होती, पण तपासणारं कुणी नव्हतं हे त्याहून मोठं होतं.

म्हणून क्रम असा हवा: आधी डॉक्टर आहे का, औषध आहे का, रस्ता आहे का ते बघा. ते असूनही लोक येत नसतील तर मग विचारा की का. जुळणारी सेवा रस्त्याच्या ऐवजी देता येत नाही.

## "आणि ज्यांचा लसीलाच विरोध आहे त्यांचं काय?"

२००२ मध्ये देशात पोलिओचे सुमारे १६०० रुग्ण सापडले, त्यातले बाराशेहून अधिक एकट्या उत्तर प्रदेशात. पश्चिम उत्तर प्रदेशातल्या मुस्लिम वस्त्यांत डोस नाकारले जात होते आणि 'त्यांचा विरोध धार्मिक आहे' असं म्हणून विषय संपत होता. घरोघरी जाऊन ऐकल्यावर वेगळंच ऐकू आलं: आमच्या गल्लीत गटार नाही, तापाला गोळी मिळत नाही, आणि तुम्ही महिन्या-महिन्याला तेच ते थेंब घेऊन दारात का येता? संशय यातून उगवला होता. मग अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिल्लिया इस्लामिया, जामिया हमदर्द यांसारख्या संस्था सोबत आल्या, इमामांनी मशिदीतून आवाहन केलं, वस्तीतल्याच बायका दारोदार गेल्या, आरोग्य शिबिरं भरली. भारतातला शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला. २०२२ मध्ये गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवर पसरला तेव्हा हीच वाट पुन्हा धरावी लागली. ती साथ यायच्या आधी धरली असती तर बरं झालं असतं.

## "प्रत्येकासाठी वेगळं करायला पैसा कुठून आणणार?"

गडचिरोलीत घरी दिलेल्या नवजात सेवेचा खर्च तेव्हा दर बाळामागे ५.३ डॉलर आला होता. अतिदक्षता कक्षातल्या एका दिवसाशी त्याची तुलनाही होत नाही. आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने हीच कल्पना देशभर नेली. आज आशाताई बाळाच्या पहिल्या बेचाळीस दिवसांत सहा-सात वेळा घरी जाते, त्याचं मूळ या गावांत आहे. 'खास' म्हणून सुरू झालेलं काम सगळ्यांच्या उपयोगी पडलं.

मात्र देशभर नेताना काय गळालं, तेही बघायला हवं. आरोग्यदूताला इंजेक्शन द्यायचं शिक्षण आणि मुभा होती; आशाताईने लक्षणं ओळखून बाळ पुढे पाठवायचं असतं, आणि 'पुढे' कधीकधी चाळीस किलोमीटरवर असतं. आरोग्यदूताच्या नोंदी महिनोन् महिने कुणीतरी शेजारी बसून तपासत असे. आशाताईच्या वाट्याला रजिस्टरांचा ढीग आला. सगळ्या भेटी मिळून तिला २५० रुपये ठरले, आणि मानधनासाठी महाराष्ट्रातल्या आशांना २०२३-२४ मध्ये संपावर जावं लागलं. पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर आणि डिजिटल घड्याळ पोचलं. गावाला विचारून ठरवायची पद्धत त्या पिशवीत बसली नाही. मेळघाट, धडगाव किंवा मोखाड्यासाठी यापुढे नवी योजना जाहीर होईल तेव्हा तिच्या रकमेआधी हे विचारायला हवं, की आखण्यापूर्वी तिथल्या किती गावांत बसून ऐकलं, आणि वर्षभराने वाचलेली बाळं मोजणार आहात की भरलेली रजिस्टरं.